खंदकातला ग्रामोफोन घरी वाजता करताना

चावीची जुनी पेटी हाती आली की पहिला मोह चावी द्यायचाच होतो. तो आवरा. आतली स्प्रिंग कित्येक वर्षं एकाच जागी बसून राहिलेली असते. तिच्या भोवतीचं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं आणि गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाच्या, पातळ पट्ट्यांना कुठेतरी चीर गेलेली असू शकते. अशा अवस्थेत जोर लावून दिलेल्या एका चावीने चांगलं यंत्र निकामी झालेलं मी पाहिलंय. म्हणून या लेखात पूर्ण चावी शेवटी येईल.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो, कारण ते कळलं की दुरुस्ती अर्धी झाली. लंडनच्या बार्नेट सॅम्युअल अँड सन्स या वाद्यांच्या पेढीने १९१४ साली ‘डेका’ नावाचा हातात धरून नेता येणारा ग्रामोफोन आणला. बंद असताना ती मूठ लावलेली लहानशी प्रवासी पेटी. उघडली की झाकणाच्या आत पत्र्याचा वाडग्यासारखा खोलगट भाग दिसतो. सुई धरणाऱ्या डबीतून, म्हणजे साउंडबॉक्समधून, निघालेला आवाज नळीतून त्या वाडग्यावर जाऊन आदळतो आणि ऐकणाऱ्याकडे परततो. वेगळा कर्णा लागत नाही, त्यामुळे कर्णा चेपण्याचा प्रश्नच मिटला. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत, जमिनीखालच्या लाकडी फळ्यांच्या खोल्यांत ही पेटी पोचली. संग्राहक आजही तिला ‘ट्रेंच डेका’ म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांच्या छावण्यांत एचएमव्हीची १०२ नंबरची पेटी दिसते. ती १९३१ साली बाजारात आली आणि महायुद्ध संपल्यावरही बरीच वर्षं बनत राहिली. सोव्हिएत लाल सेनेतले सैनिक अशाच चावीच्या पेटीला ‘पातेफोन’ म्हणत. पाथे या फ्रेंच कंपनीच्या नावावरून हा शब्द रशियन भाषेत रुळला. देश वेगळे, शिक्के वेगळे, पण आतलं यंत्र थोड्याफार फरकाने एकच.

वीज नाही, तार नाही, कुठे डाग दिलेला जोड नाही. माणसाच्या मनगटाची ताकद स्प्रिंगमध्ये साठवायची आणि तीन मिनिटं तबकडी फिरवायची, एवढंच तिचं काम. चिखलात आणि ओलीत बसून ती वाजली ती या साधेपणामुळे. आज तुम्ही ती जेवणाच्या टेबलावर, एका स्क्रू-ड्रायव्हरने उघडून दुरुस्त करू शकता तेही त्याच साधेपणामुळे. प्रत्येक भाग स्क्रूने बसवलेला आहे, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो.

घेताना काय पाहायचं

माझी १०२ पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, एका बुधवारी, दोन पंख्यांच्या मधोमध ठेवलेली. जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर अशा पेट्या अजून सापडतात. पितळी कर्ण्याचा चकचकीत ग्रामोफोन मात्र जपून घ्या. त्यातले बहुसंख्य अलीकडे जोडून बनवलेले असतात: यंत्र एकाचं, पेटी नवी, कर्णा नवा आणि वर कुत्र्याच्या चित्राचा बिल्ला. काळवंडलेल्या रेक्झिनची, कोपरे झिजलेली पेटी दिसायला साधी असली तरी ती खरी असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

दुकानातच चार गोष्टी पाहून घ्या. ब्रेक सोडा आणि तबकडी ठेवायची थाळी बोटाने हळूच फिरवा. ती डगमगत असेल तर मधला दांडा वाकलेला असू शकतो. साउंडबॉक्स आणि त्याला धरणारी नळी नीट न्याहाळा. त्या काळी हे भाग अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत. हा धातू वयाबरोबर फुगतो, त्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि एक दिवस त्याचा तुकडा हातात येतो. अशा तुकड्याला कुठलाही गोंद टिकत नाही, तो भाग दुसऱ्या यंत्रातूनच आणावा लागतो. तिसरं, चावीचा दांडा पेटीत आहे का ते पाहा. तो हरवलेला असेल तर त्याच आट्यांचा दुसरा मिळवणं त्रासाचं आहे. शेवटी चावीच्या फक्त चार-पाच फेऱ्या द्या, अगदी हलक्या हाताने. हात सैल सोडताना सावध राहा. आतलं रॅचेट (चावी उलटी फिरू न देणारं दातेरी चक्र) घसरत असेल तर दांडा उलटा फिरून मनगटावर बसतो. चावी फिरते आहे पण ताण कधीच वाढत नाही, असं वाटलं तर स्प्रिंग तुटलेली आहे. ते दुरुस्त होतं, फक्त भाव ठरवताना लक्षात ठेवा.

पेटीचं बाहेरचं अंग

रेक्झिनवर पाणी ओतून घासू नका, खालचं लाकूड फुगतं. पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा, मग सावलीत वाळवा. बुरशीचे ठिपके मऊ ब्रशने झाडा, गच्चीत झाडा, घरात नको. निकेलचे बिल्ले, कड्या आणि मूठ ब्रासोने जोरजोरात घासली तर निकेलचा थर निघून खालचं पितळ उघडं पडतं. शिलाई मशीनचं तेल फडक्यावर घेऊन पुसलं तरी पुरेसं उजळतं. नवं रेक्झिन चढवण्याची घाई करू नका. ते झिजलेले कोपरे ही पेटी कुठे कुठे गेली त्याची खूण आहे.

यंत्र बाहेर काढताना

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. यंत्र उघडण्याआधी स्प्रिंगमधला ताण शून्यावर आणा. ब्रेक सोडून द्या आणि थाळी स्वतःहून थांबेपर्यंत फिरू द्या. थांबली की बोटाने अजून दोन-तीन वेढे फिरवून पाहा. कधीकधी वाळलेल्या ग्रीसमुळे ती अर्ध्यात अडते आणि ताण आत राहतो. ताण असताना गव्हर्नर काढला तर सगळी दंतचक्रं एकदम मोकाट सुटतात आणि दाते उडतात.

थाळी बहुतेक पेट्यांत निमुळत्या दांड्यावर नुसती घट्ट बसवलेली असते. दोन्ही हातांनी समोरासमोर धरून सरळ वर ओढा. हलली नाही तर एकाने थाळी वर उचलून धरावी आणि दुसऱ्याने दांड्याच्या टोकावर लाकडी तुकडा ठेवून हलकीशी थाप द्यावी. स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून तरफ करू नका, थाळीची कड वाकते आणि मग तबकडी कायम हेलकावे खाते. काही यंत्रांत दांड्यावर छोटी कडी असते, ती आधी काढा. मग यंत्राच्या फळीचे स्क्रू काढा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्या आणि स्क्रू कागदाच्या वाट्यांत क्रमाने ठेवा. ते दिसायला सारखे असले तरी लांबीला वेगळे असतात.

फळी उलटी करून उजेडात धरा. एका बाजूला स्प्रिंगचा डबा, त्याला लागून दंतचक्रं आणि दुसऱ्या टोकाला गव्हर्नर. गव्हर्नर जरा वेळ पाहत राहा. एका बारीक दांड्याभोवती तीन वजनं तीन पातळ पट्ट्यांवर लटकलेली असतात. दांडा वेगाने फिरला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात आणि दांड्यावरची चकती सरकून नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तुकड्याला घासते. वेग वाढला की घासणं वाढतं, वेग कमी झाला की सुटतं. स्प्रिंगमध्ये ताण पूर्ण असो वा अर्धा, तबकडी एकाच वेगाने फिरते ती या घासण्यामुळे. वेग कमी-जास्त करण्याची कळ फक्त तो नमदा पुढे-मागे करते.

आता स्वच्छता. जुनं तेल रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने काढा. दंतचक्रांच्या दात्यांत अडकलेली काळी पेंड दातकोरणीने काढा. सगळं कोरडं करा आणि मगच तेल घाला. शिलाई मशीनचं पातळ तेल एकेक थेंब: गव्हर्नरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना, थाळीच्या दांड्याच्या खालच्या बेअरिंगला, बाकी चक्रांच्या टोकांना. नमद्यालाही एक थेंब. तो कोरडा राहिला की चीं चीं आवाज येतो आणि वेग कापतो. गव्हर्नर फिरवणाऱ्या आट्यांच्या चक्राला पातळ ग्रीस लावा. खोबरेल तेल लावू नका. थंडीत ते गोठतं आणि वर्षभरात चिकट होऊन बसतं. आमच्याकडे घड्याळ, शिलाई मशीन, पंखा सगळ्याला तेच लावायची सवय होती, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तीनपैकी एखादी पट्टी तुटली किंवा वाकली असेल तर गाण्याचा स्वर लाटेसारखा हिंदकळतो. पट्ट्या तिन्ही एकदम बदला, एक नवी आणि दोन जुन्या असं ठेवलं तर तोल बिघडतो.

स्प्रिंगचा डबा

वाजताना आतून ‘धप्... धप्...’ असा धक्का येत असेल तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून एकदम सुटताहेत. त्यावरचा खरा उपाय म्हणजे डबा उघडून जुनं ग्रीस धुऊन नवं ग्राफाइट ग्रीस भरणं. धक्का येत नसेल तर डब्याला हात लावू नका. यंत्र दहा वर्षं बरं चाललं तरी पुष्कळ.

डबा उघडायचाच असेल तर पहिल्यांदा स्वतः करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पोलादाची ती लांबलचक पट्टी लहानशा डब्यात कोंबलेली असते. तिचं टोक हातातून निसटलं की ती सगळी खोलीभर उसळते. माझ्या डाव्या अंगठ्याला चार टाके पडले ते त्यामुळेच. हातमोजे घातले होते, पण ते सुती होते. आता मी जाड चामड्याचे मोजे, डोळ्यांना चष्मा आणि डब्याभोवती गोणपाट घेतल्याशिवाय झाकण उघडत नाही. स्प्रिंग मधल्या टोकापासून एकेक वेढा बाहेर काढायची, दुसऱ्या हाताने बाकीचे वेढे दाबून धरायचे. तुमच्या गावात जुनी भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करणारे कारागीर असतील तर त्यांच्याकडे द्या. त्यांच्या हाताला ही वाकडी वळणं माहीत असतात. स्प्रिंग शेवटच्या भोकापाशी तुटलेली असेल तर ते तेवढा तुकडा काढून, टोक तापवून मऊ करून नवं भोक पाडून देतात आणि यंत्र पुन्हा चालतं.

साउंडबॉक्स, म्हणजे यंत्राचा गळा

मोटर कितीही चांगली असली तरी आवाज इथे ठरतो. सुई खोबणीतून जाताना डावी-उजवी हलते, ती हालचाल एका बारीक तरफेने पातळ चकतीपर्यंत पोचते आणि चकती हवा ढकलते. जुन्या डेकांत आणि एचएमव्हीच्या आधीच्या १०१ मध्ये ही चकती अभ्रकाची आहे. नंतरच्या १०२ मध्ये अॅल्युमिनियमची. अभ्रक पारदर्शक असतं, त्याचे पापुद्रे सुटले की त्यात चंदेरी डाग दिसतात. एखादा डाग चालतो. चकती कडेला फुटलेली असेल तर ती बदलावी लागते.

बिघाड बहुतेक वेळा चकतीत नसतो, तिच्या दोन्ही बाजूंना असलेल्या रबराच्या बारीक नळ्यांत असतो. त्या दगडासारख्या कडक होतात. तपासायचं कसं? साउंडबॉक्स कानाशी धरा, सुई लावायच्या जागेवर नखाने अगदी हलकी टिचकी मारा. भरीव, स्वच्छ ‘टक्’ आला तर ठीक. खरखर आली किंवा आवाजच दबका वाटला तर रबर गेलं.

अभ्रकाचा साउंडबॉक्स असेल तर हे काम घरी होतं. तरफेला चकतीशी जोडणारा इवलासा स्क्रू आधी काढा; त्यावर मेणाचा थेंब असेल, तो गरम सुईने मऊ करून पुसा. मग मागच्या कड्याचे स्क्रू. कडक झालेलं रबर लाकडी काडीने खरवडून काढा, धातूचं काही वापरू नका. नव्या नळीसाठी जुनीची जाडी मोजून तेवढ्याच जाडीची मऊ सिलिकॉनची नळी आणा. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी मी आधी वापरून पाहिली. ती जाड निघाली, चकती दाबली गेली आणि आवाज घशात अडकल्यासारखा यायला लागला. नळीची दोन टोकं तिरकी कापा, म्हणजे ती एकमेकांना नीट भिडतात आणि मधून हवा निसटत नाही. चकती बरोबर मध्ये बसली पाहिजे, तिची कड धातूला कुठेच टेकता कामा नये. सगळे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. तरफ पुन्हा जोडताना ती चकतीला ओढत किंवा ढकलत नाही ना ते पाहा. तरफ चकतीपाशी सहज पोचली पाहिजे, मगच स्क्रू घट्ट करा आणि मधमाशीच्या मेणाचा एक थेंब त्यावर सोडा.

हे काम करायला मला एक अख्खा रविवार लागला होता. संध्याकाळी तेच यंत्र, तीच तबकडी, पण बालगंधर्वांची तान पहिल्यांदा भिंतीवरून परत आली. अॅल्युमिनियमच्या चकतीचा साउंडबॉक्स मात्र उघडू नका. ती चकती इतकी नाजूक असते की बोटाचा पोचा कायमचा राहतो. ते काम जाणकाराकडे सोपवा.

सुई: एक बाजू, एक सुई

यात सूट नाही. प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई. लोकांना हे खर्चिक वाटतं, म्हणून कारण सांगतो. तबकडीच्या मसाल्यात पाटीच्या दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते. ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईचं टोक घासून खोबणीच्या मापाचं करते. म्हणजे सुईने झिजायचं आणि तबकडीने टिकायचं, अशीच ही रचना आहे. तीन मिनिटांनी त्या टोकाला दोन्ही बाजूंना सपाट धार आलेली असते. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली की ती धार छिन्नीसारखी खोबणीच्या भिंती तासते. तबकडीवर करडी पूड दिसू लागली तर तुमचं गाणं तुमच्या डोळ्यांसमोर भुकटी होतंय.

जुन्या सुया शंभर-दोनशेच्या पत्र्याच्या डब्यांत मिळत. त्यात मऊ, मध्यम आणि मोठ्या आवाजाच्या असे प्रकार होते. जाड सुई मोठा आवाज देते, बारीक सुई हळू. या यंत्राला आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही, ते काम सुई करते. नव्या सुया आजही बनतात. जुन्या बाजारात सुट्या मिळणाऱ्या सुया घेऊ नका, त्यात वापरलेल्या मिसळलेल्या असतात. टाचणी, खिळा, शिवणाची सुई तर चुकूनही नाही. वापरलेली सुई लगेच झाकणाच्या वेगळ्या डबीत टाका. बांबूच्या तिकोनी सुयाही असत. त्यांचा आवाज लहान, पण जुन्या, झिजलेल्या तबकडीसाठी त्या दयाळू आहेत.

सुई लावताना साउंडबॉक्स तबकडीशी साधारण साठ अंशांचा कोन करून बसला पाहिजे. सुई बाहेरच्या कोऱ्या कडेवर टेकवा आणि हलकेच आत ढकला.

तबकडी आणि लाख

युद्धकाळातल्या या तबकड्यांचं आपल्याशी जवळचं नातं आहे. त्यांचा बंध चपड्याचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो थर धरतात तो खरवडून, वितळवून, पातळ पापुद्रे करून चपडा बनतो. जगाला लागणारी बरीचशी लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून जाई. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीतही पळसावर लाख घेतात. सुतार फर्निचरला स्पिरिट-पॉलिश करतात तोच हा चपडा. बेल्जियममधल्या फ्लांडर्सच्या खंदकात वाजणारी तबकडी अशी भारतातल्या रानातून निघालेली होती.

दुसऱ्या महायुद्धात हे नातं उघडच दिसलं. जपानच्या चढाईने आशियातले समुद्रमार्ग धोक्यात आले आणि लाख लष्करी कामालाही लागत होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने नागरी वापरातल्या लाखेवर ७० टक्के कपात लादली. दुकानदार नवी तबकडी देताना जुनी मोडकी तबकडी परत मागू लागले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिथल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली. या दुहेरी अडचणीतून वाट काढून अमेरिकी लष्कराने १९४३ मध्ये सैनिकांसाठी ‘व्ही-डिस्क’ सुरू केल्या. त्या बारा इंची, न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या आणि एका बाजूला सहा मिनिटांपर्यंत चालणाऱ्या होत्या. डब्यात सुयाही असत. आज एखादी व्ही-डिस्क हाती आली तर पोलादी सुईखाली घालू नका. ते प्लास्टिक मऊ आहे आणि अशा तबकड्या आता दुर्मीळ आहेत.

तोच नियम एलपी आणि ४५ च्या, म्हणजे नंतरच्या मऊ विनाइलच्या, रेकॉर्डला. साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर जातं, एलपीच्या सुईचं दोन-तीन ग्रॅम. एका फेरीत खोबण पुसली जाते. पाथेच्या जुन्या तबकड्या आणि एडिसनच्या जाड डायमंड डिस्कही बाजूला ठेवा. त्यांत आवाज वर-खाली कोरलेला आहे, डावा-उजवा नाही, त्यामुळे त्यांना ही सुई चालत नाही. तबकडीवर ७८ (मिनिटाला फेऱ्या) लिहिलेलं असेल आणि ती ठणठणीत, जड लागत असेल तर वाजवा. भारतात तर १९६० च्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा.

तबकडी धुताना स्पिरिट वापरू नका. सुतार चपडा कशात विरघळवतो ते आठवा. तुमची तबकडीही तशीच विरघळेल. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापूस, खोबणीच्या दिशेने गोल पुसणं आणि मधल्या कागदाला पाणी न लागू देणं, एवढंच. तबकड्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालची तडकते, आणि उन्हात ठेवलेली वाकून परातीसारखी होते.

आता चावी

यंत्र परत बसवा, थाळी चढवा. चावी हळू, एका लयीत द्या. जड वाटू लागली की थांबा, शेवटचा अर्धा वेढा ओढून घेण्याचा हट्ट नको. बाजू सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी चावी द्यावी. गाणं चालू असताना दिली तर सुई उडते.

वेग तपासायला थाळीच्या कडेला कागदाची पट्टी लावा आणि तबकडी, सुई वगैरे सगळं चालू असताना मोजा, नुसत्या थाळीवर नको. वीस सेकंदांत सव्वीस फेऱ्या म्हणजे मिनिटाला ७८. आणखी नेमकं हवं असेल तर ७७ रेघांची स्ट्रोब चकती छापून घ्या. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या टेस्टरच्या निऑन दिव्याच्या उजेडात त्या रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ आहे. एलईडीच्या उजेडात बहुतेक वेळा रेघा नुसत्या धूसर दिसतात. १९२५ आधीच्या तबकड्यांचा वेग नेहमी ७८ च नसतो. कोलंबियाच्या कित्येक ८० वर मुद्रित आहेत. गायकाचा आवाज ओळखीचा असेल तर शेवटी कानाचं ऐका.

झाकण पूर्ण उघडा. डेकात तर झाकण हाच कर्णा आहे, अर्धवट उघडलं तर आवाज तिथेच घुसमटतो. १०२ मध्ये कर्णा पेटीच्या आत दुमडलेला असतो, पण आवाज बाहेर यायला झाकणाची मदत लागतेच. पेटी खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून ठेवली तर खर्ज भरून येतो.

पावसाळा आणि रोजची सवय

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून दोन बाजू वाजवा. नुसती ठेवलेली पेटी जास्त लवकर बिघडते. रोजच्या वापरात वर्षातून एकदा तेलाचे थेंब पुरतात.

वाजवणं झालं की ब्रेक सोडून स्प्रिंग उतरू द्या, ताणलेली ठेवू नका. साउंडबॉक्समधली सुई काढा. ती तशीच राहिली तर झाकण लावताना फळीत रुतते किंवा अभ्रकाला धक्का देते. नळी तिच्या खोबणीत वळवून बसवा, चावीचा दांडा काढून त्याच्या पकडीत अडकवा, सुयांची डबी कोपऱ्यातल्या कप्प्यात. मग झाकण, आणि दोन्ही कड्या.